भोंगा वाजला नव्हता

शिरूरहून सायकली पिकअपमध्ये चढवून निघतानाच विश्वजीतने बजावलं होतं, "दिवसभर किनाऱ्यानं जायचं, कर्दे ते हर्णे. कुणी मागं राह्यचं न्हाई." आमच्या सायकल ग्रुपचा हा म्होरक्या. घरचा ऊस आणि अंगावरची चकचकीत जर्सी, दोन्हींचा तोरा सारखाच. माझ्या वडिलांची जुनी काळी सायकल बघून त्याने नाक मुरडलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. आप्पांनी जन्मभर तिच्यावरून कलिंगडं वाहिली. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता, म्हणून मीच हट्टाने त्यांना आणलं. "नीट माघारी आण त्यास्नी," आईने निघताना एवढंच सांगितलं.

सकाळ फार देखणी गेली. ओहोटीची घट्ट वाळू, तिच्यावरून सरसर पळणाऱ्या सायकली, कडेला सुरूची झाडं, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. आप्पा दर थोड्या वेळाने उतरून उभे राहायचे.

"गौते, एवढं पाणी आन् काठाला एक मोटर न्हाई!"

मी हसून हसून बेजार झाले. विश्वजीतसुद्धा हसला.

दुपारी हर्णेच्या अलीकडे, एका खाडीच्या तोंडाशी आम्ही पिकअपच्या सावलीत भाकरी सोडल्या. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसत होता. तो जवळून बघायला आप्पा सायकल घेऊन पुढच्या वाळूच्या पट्ट्यावर निघाले. मध्ये पाणी होतं, पण जेमतेम घोट्याएवढं.

"तू हितंच हायस नव्हं?" त्यांनी विचारलं.

"हाय की. जावा तुम्ही," मी फोनवर फोटो पाठवता पाठवता म्हणाले.

डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण आमच्यापाशी थांबली. "तो म्हातारा तुमचा का? भरती लागलीय."

मी वर पाहिलं. मघाचं घोटाभर पाणी आता चांगलं रुंद, गढूळ झालं होतं आणि वाहत होतं. आप्पा आमच्याकडे पाठ करून किल्ला बघत निवांत बसले होते. मागे स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलची चाकं पाण्यात होती.

आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. वारा समुद्रावरून आमच्या तोंडावर येत होता, हाका पोचेनात. विश्वजीत कमरेपर्यंत आत शिरला आणि धडपडत माघारी आला. तोरा कुठल्या कुठे गेला होता. "लई ओढ हाय, ताई." कोळीण होडी बघायला पळाली, पण होड्या लांब बंदरात.

हा माणूस वळून का बघत नाही? चीड आली, भीती वाटली, आणि मग एकदम उमगलं. घोडनदीच्या पात्रात आमची कलिंगडाची वाडी असायची. धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजायचा. आप्पा पात्रात राबायचे आणि तो ऐकायला मला काठावर बसवायचे. मी ओरडले की हातातलं टाकून पळत यायचे. पाणी वाढायचं ते भोंग्यानंतरच. आज भोंगा कुठे वाजला होता?

"महेंद्र, हॉर्न!" आमचा पिकअपवाला महेंद्र बघतच राहिला. "दाब! सोडू नको!"

लांबलचक, न थांबणारा हॉर्न घुमला. आप्पा ताडकन उठले. पाण्याकडे नाही, आधी काठाकडे बघितलं, मला शोधलं. मग सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात शिरले.

"सायकल टाका! आप्पा, टाका ती!"

मध्यावर पाणी छातीला लागलं. ते कलले आणि दिसेनासे झाले. विश्वजीत आणि बाकीचे हातात हात घालून आत गेले होते. विश्वजीतच्या हाताला आप्पांची कॉलर लागली. सायकल गेली.

वाळूवर बसून खोकत आप्पांनी विचारलं, "पाणी कुणी सोडलं?"

"हितं कुणी सोडत न्हाई! आपसूक येतं!" मी रडत ओरडले. "मागं वळून बघायला काय झालं हुतं तुम्हाला?"

आप्पा खरोखरच गोंधळले.

"मागं कशाला बघू? काठावर तू हुतीस की."

मी त्यांचा गार हात धरून बसले, आणि तिथून निघेपर्यंत पाण्यावरची नजर काढली नाही.