पायाची जागा

"पुन्हा दाखवा, वस्ताद. हात मोडायचा नाही, नुसता धरून ठेवायचा."

वेंडेलने लाकडी कट्यार खाली केली. जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात, कातडी कमावणाऱ्यांच्या आळीत, भुसा पसरलेल्या माडीवर तो बावीस वर्षं कुस्ती आणि कट्यारीपासून बचाव शिकवत होता. वार करणाऱ्याला दुखू नये म्हणून शिकायला आलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. आणि हा एंड्रेस, पावाच्या भट्टीवरचा आडदांड गडी, पहिल्या दिवसापासून तो एकच डाव मागत होता. साऱ्या शहरात तो फक्त वेंडेलला येत होता.

"कोण उठलंय रे तुझ्या जिवावर?"

"कुणी नाही."

"मग कशाला हवाय?"

"असंच." एंड्रेसने मान खाली घातली.

वेंडेलच्या मनात पाल चुकचुकली. ओसवाल्डने वेशीपाशी नवी तालीम काढून त्याचे दोन शागीर्द फोडले होते. आता डाव पळवायला माणूस पाठवला असणार.

"वेशीकडे जाणं-येणं असतं का तुझं?"

"घरच तिकडं आहे की."

झालं, वेंडेलला एवढं पुरलं. त्याने डाव शिकवला, पण हातचा राखून. वरून येणारं मनगट अडवायचं, दुसरा हात कोपरामागून घालून पेच आवळायचा, हे सगळं खरं सांगितलं. फक्त जो पाय समोरच्याच्या पायामागे घालायचा, म्हणजे समोरचा अलगद खाली बसतो, तो पाय पुढे ठेवायला लावला. तसा ठेवला की पेच निसटतो. सरावात वेंडेल स्वतःच मुकाट खाली बसे, त्यामुळे एंड्रेसला काही कळलं नाही. ओसवाल्डची चारचौघांत कशी फजिती होईल, या विचाराने वेंडेल गालात हसला.

तीन आठवड्यांनी एंड्रेस आला तो डोळे सुजवून.

"माझं काहीतरी चुकलं, वस्ताद. म्हाताऱ्याचा उजवा खांदा गेला."

"कुठला म्हातारा?"

"बाप माझा. वर्ष झालं, त्याला वाटतं घरात चोर शिरलेत. मलाच चोर समजतो नि कट्यार उपसून धावतो. चर्चमधले संत कोरलेत हो त्या हातानं! तो हात मी कसा मोडू? म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर गावभर झालं असतं. वेड्यांच्या कोठडीत घातला असता त्याला."

दणकट पोरं ज्या पेचातून निसटून जातात, त्यातून म्हातारा निसटला नव्हता; खाली बसायला वाट नसल्याने सगळा जोर त्याच्या खांद्यावर आला होता. वेंडेलला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू नाही चुकलास," तो म्हणाला. "पाय मागे घालायचा असतो. मी मुद्दाम पुढे सांगितला. मला वाटलं, तू ओसवाल्डचा माणूस."

एंड्रेस एक पाऊल पुढे आला. आता हा आपल्याला जिन्यावरून खाली फेकणार, असं वेंडेलला वाटलं. फेकलं असतं तर बरंच झालं असतं.

"आता म्हातारा डाव्या हातानं येतो," एंड्रेस म्हणाला. "डाव्याचं दाखवा."

वेंडेलने कट्यार डाव्या हातात घेतली आणि वार केला. एंड्रेसने मनगट अडवलं, पेच आवळला. या खेपेस वेंडेल आपणहून बसला नाही. दात आवळून, ताठ उभा राहिला. खांद्यातून कळ गेली. मग एंड्रेसचा पाय त्याच्या पायामागे आला आणि तो अलगद भुशात बसला.

"लागलं?"

"नाही."

एंड्रेसने त्याला हात देऊन उठवलं, कट्यार पुन्हा त्याच्या हातात दिली.

"आणखी एकदा," तो म्हणाला. वेंडेलवर त्याचा अजून विश्वास बसला नव्हता.