पिरिडिनचा वास

जानेवारीतली दुपार होती. सात महिन्यांच्या छकुलीला निजवलं आणि खोलीत वास आला. सडक्या मासळीसारखा, घशाला टोचणारा.

आमच्या इंद्रपुरी कॉलनीत वास आला की माणूस आधी पळतो. शहरातल्या कारखान्यातून विषारी वायू सुटून हजारो माणसं मेली, त्या गॅसकांडाला जेमतेम तेरा महिने झाले होते. तेव्हा छकुली पोटात होती, आणि आता तिला साधी शिंक आली तरी मी तिच्या छातीला कान लावत असे. मी तिला उचललं, दाराच्या खुंटीवरचं हाताला लागलं ते लोकरीचं गुंडाळलं आणि निघाले.

जिन्यात शेजारच्या नागपूरकर सिंधूताई भेटल्या.

"काय झालं वं?"

"वास!"

पुढे काही न विचारता त्यांनी नळाखाली माझा पदर ओला केला, स्वतःचा केला आणि खाली ओरडल्या, "भागो, गैस!"

वाऱ्याच्या उलट धावायचं, हे आता इथे लहान पोरांनाही ठाऊक. मैदान ओलांडून आम्ही पाण्याच्या टाकीपाशी पोचलो. बाकीचे हुंगत थांबले. "इधर तो कुछ नहीं है." माझ्या नाकाशी मात्र वास उग्रच होत चालला होता. छकुली ठसकली.

सिंधूताई वाकल्या. "अवं माय, हा तर पोरीलेच येऊन राह्यला!"

ह्यांचा स्वेटर! मी लंगोट धूत असताना हे घरी येऊन, तो खुंटीला टांगून, दुसरा घालून गेले होते. मी तो फेकला.

हे सरकारी प्रयोगशाळेत घन उत्प्रेरकांची आम्लता मोजतात. भुकटीत लिटमस बुडवून भागत नाही. तिची पातळ टिकली दाबायची, तिच्यावर पिरिडिनची, म्हणजे ह्याच सडक्या वासाच्या द्रवाची, वाफ सोडायची. टिकलीवरच्या आम्ल जागा ती वाफ धरून ठेवतात. कुठे आणि किती घट्ट, ते इन्फ्रारेड यंत्राच्या आलेखावर दिसतं. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी.; तरी मला तो वास ओळखता आला नाही.

कुणीतरी फोन केला. हे स्कूटरवरून आले.

"सकाळी बाटली कलंडली, बाहीवर सांडली. मला वाटलं, वाळलं."

"मला सांगितलं का नाही?"

"घाबरशील म्हणून."

"साहब, पूरी कॉलोनी दौड़ा दी आपने," कुणी म्हणालं. ह्यांनी मान खाली घातली.

"हिच्या छातीत किती गेलं?" मी विचारलं.

"तसं सांगता येत नाही गं."

"टिकलीला चिकटलेलं रोज मोजता ना? मग हिचं सांगा."

ह्यांनी स्कूटर सुरू केली.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली. साफ होती. "दूध पाजा. श्वास लागला तर लगेच आणा."

छकुली भुकेने रडत होती, पण माझ्या ब्लाउजलाही तो वास होता. सिंधूताईंकडे अंघोळ केली, त्यांची साडी नेसले, मग तिला जवळ घेतलं. ती पीत होती आणि मी तिच्या बरगड्या वर-खाली होताना पाहत होते.

हे तिसऱ्यांदा हात धुऊन आले. "आता घेऊ?"

मी त्यांची बोटं हुंगली.

"अजून नाही."