बारमाही कंदील

आकाशकंदिलाचं आयुष्य ते केवढं! वसुबारसेला टांगला, तुळशीच्या लग्नानंतर उतरवला. फार तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतो. मग तो माळ्यावर जातो, नाहीतर कचऱ्याच्या गाडीत. पण मित्रांनो, मी एक जुना, घरी केलेला कंदील आहे आणि माझी दिवाळी बारा महिने चालली. ती कशी, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कोल्हापूरजवळ उचगावात झाला. तिथं एक नवी कॉलनी आहे. त्या कॉलनीतली सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. तोच पिवळा रंग, तेच काळं फाटक आणि फाटकाच्या आत तीच तुळस. त्यातल्या एका घरात अतुल, त्याची बायको वर्षाराणी आणि त्यांची दोन मुलं राहतात. मुलगी राजनंदिनी तेव्हा सातवीत होती आणि तिचा धाकटा भाऊ राजवीर दुसरीत. त्या वर्षी पावसाळ्यात अतुलचे वडील बाबासो गडहिंग्लजचं घर बंद करून यांच्याकडे राहायला आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. वर्षाराणी तेवढी सासऱ्यांना मामा म्हणायची.

तात्या एसटीचे ड्रायव्हर होते. उभा जन्म त्यांनी घाटातून गाडी चालवली. पावसात, धुक्यात, कधी रस्ता चुकला नाही. पण बायको गेल्यापासून त्यांना विसर पडू लागला होता. जेवण झालेलं आठवायचं नाही. नातवंडांची नावं आठवायची नाहीत. आणि आता घरही आठवेना.

रोज संध्याकाळी ते मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसत. एकदा परत येताना ते भलत्याच फाटकातून आत शिरले, झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "चहा टाक गं." ते घर होतं शेजारच्या बायडाबाईंचं. बायडाबाई एकट्या राहायच्या. तोंडाने फटकळ, पण मनाने मऊ. त्यांनी आधी चहा टाकला, तात्यांना दिला आणि मग भिंतीवरून हाक मारली,

"वर्षे, तुझं सासरं माझ्यात पावणं आल्यात बघ. चहा झालाय. आता घिऊन जा."

त्या दिवशी सगळे हसले. पण पुढच्या वेळी तात्या अनोळखी माणसांच्या घरात शिरले आणि ती माणसं त्यांच्या अंगावर ओरडली. तात्या तिथून कसेबसे घरी आले. अतुल घाबरला. त्याने फाटकाला कुलूप घातलं.

संध्याकाळ झाली की तात्या फाटकाचे गज धरून उभे राहायचे. "कुलूप कशाला लावलंय? मी काय चोर हाय व्हय?" असं विचारायचे. वर्षाराणी आत जाऊन डोळे पुसायची.

दिवाळी तोंडावर आली होती. गल्लीत बहुतेक दारांत बाजारातल्या प्लॅस्टिकच्या चांदण्या लागल्या होत्या. राजनंदिनी वडिलांना म्हणाली, "पप्पा, सगळी घरं सारखीच हायत. आपण नवीन राहायला आलो तवा मला पण कळायचं न्हाय. आपला कंदील येगळा करूया की. तात्यांना लांबनं दिसंल असला."

"आणि दिवाळी झाल्यावर?"

"झाल्यावर काढायचाच न्हाय."

संध्याकाळी कंपनीतून येताना अतुलने मोटारसायकलला बांधून एक बांबू आणला आणि अंगणात बसून कोयत्याने त्याच्या काड्या काढल्या. तीच माझी हाडं. राजनंदिनीने तात्यांना विचारलं, "तात्या, रंग कुठला घ्यायचा?"

तात्यांना कसला रंग, कशाचा, काही कळलं नसावं. तरी ते पटकन म्हणाले, "लाल. धुक्यातनं सुदीक लाल दिसतोय."

मग मी लाल झालो.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी व्हरांड्यात सतरंजी पसरून सगळे बसले. वर्षाराणीने काड्यांचे चौकोन दोऱ्याने बांधले. एक कोपरा राजवीरने हट्टाने स्वतः बांधला. तो अजून वाकडा आहे. मैद्याची खळ शिजवून वाटीत गार करायला ठेवली होती. तात्यांनी ती वाटी उचलली, बोटाने चाखली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "ह्यात मीठ घालायचं इसरलासा."

पोरं इतकी हसली की कात्री हातातून पडली. तात्याही हसले. आपण कशाला हसतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण सगळे हसत होते म्हणून तेही मनापासून हसले.

राजनंदिनीने लाल घोटीव कागद कापून माझ्या अंगावर ताणून बसवला. पिवळ्या कागदाच्या करंज्या दुमडून कडेला लावल्या, खाली लांब झिरमिळ्या सोडल्या. तात्यांना एकच काम दिलं होतं. चिकटवलेल्या कडेवर तळहात दाबून धरायचा. त्यांनी धरला. पोरं पुढच्या बाजूला गेली, नंतर फराळाचं खायला आत गेली, बाहेर येऊन खेळू लागली. तात्या तसेच बसून होते, कारण सोडा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. राजनंदिनीच्या लक्षात आलं तेव्हा ती धावत आली. "तात्या, सोडा आता!" त्यांनी हात उचलला. सगळा तळवा लाल झाला होता. मित्रांनो, मला खूप हातांनी घडवलं, पण त्या तळव्याची ऊब मी कधी विसरलो नाही.

मला फाटकाच्या वर टांगलं, आत दिवा लावला आणि अतुलने कुलूप काढलं.

पहिल्या संध्याकाळी तात्या कट्ट्यावर गेले. राजनंदिनी त्यांना कळू न देता मागे मागे गेली. मी वरून वाट पाहत होतो. अंधारून आलं. गल्लीच्या तोंडाशी तात्या दिसले. ते थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि सरळ चालत आले. फाटक उघडून आत शिरताना स्वतःशीच म्हणाले, "हितंच की." मागून येणाऱ्या राजनंदिनीने रस्त्यातच उडी मारली.

दिवाळी संपली. गल्लीतल्या चांदण्या एकेक करून उतरल्या. मी राहिलो. येणारेजाणारे विचारायचे, "अजून दिवाळी हाय व्हय तुमच्यात?" वर्षाराणी सडा मारता मारता उत्तर द्यायची, "व्हय, आमच्यात रोजच हाय."

कागदाचं अंग ते किती टिकणार? उन्हाने माझा लाल रंग उडायचा, वाऱ्याने कडा सुटायच्या. मग सुट्टीच्या दिवशी पोरं मला खाली उतरवायची आणि नवा कागद चढवायची. तात्या जवळ बसायचे. कधी ते राजवीरला म्हणायचे, "काय पावणं, कुठल्या गाडीनं आलाईसा?" पहिल्यांदा राजवीर रडला होता. आपल्याच आजोबांनी आपल्याला पावणं म्हणावं! पण मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. नंतर नंतर तो शांतपणे सांगायचा, "गडहिंग्लज गाडीनं आलो." तात्या म्हणायचे, "बरं झालं. बसा, च्या घिऊन जावा." आणि दोघं शेजारी शेजारी बसून माझ्या झिरमिळ्या कापायचे.

मार्च आला आणि परीक्षा आल्या. पोरांचं माझ्याकडे लक्ष राहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. माझा लाल आधी गुलाबी झाला, मग मळकट पांढरा. तरी दिवा लागत होता, तात्या येत होते. मग एका दुपारी वळीव आला. गारा पडल्या. माझा कागद फाटून लोंबू लागला, करंज्या गल्लीभर उडाल्या. संध्याकाळी अतुलने मला उतरवून पोर्चच्या स्लॅबवर ठेवलं आणि फाटकावर पांढरा एलईडी दिवा बसवला.

"ह्यात लख्ख दिसतंय," तो म्हणाला. "कंदलाचं पावसाळा झाल्यावर बघू."

दिवा खरंच लख्ख होता. पण तसाच दिवा गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर होता.

दुसऱ्या संध्याकाळी तात्या कट्ट्यावरून परत आले. मी स्लॅबवरून त्यांना पाहत होतो. ते आमच्या फाटकापाशी आले, थांबले आणि मान वर करून पाहिलं. जिथं मी असायचो तिथंच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून ते पुढे निघून गेले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी फाटक्या कागदाने फडफडलो, पण कागदाची फडफड म्हाताऱ्या कानांना कुठली ऐकू येणार?

थोड्या वेळाने घरात कळलं. वर्षाराणी देवळाकडे पळाली. कट्ट्यावर कुणी नव्हतं. अतुल गाडी घेऊन निघाला. बायडाबाई दारोदार विचारत सुटल्या. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती, ती म्हणजे पलीकडचा हायवे.

शेवटी अतुलचा फोन आला. तात्या हायवेच्या कडेला बसथांब्यावर बसले होते. पण ते उठायला तयार नव्हते. "मी तुला वळखत न्हाय," ते अतुलला म्हणत होते. "हात सोड. माझी गाडी यायची हाय." अतुलने हात धरला तर त्यांनी झिडकारला. लोक जमू लागले होते. एक जण तर अतुलकडेच संशयाने पाहत होता. फोनवरच अतुलला रडू फुटलं. "वर्षे, तात्या मला वळखत न्हाईत गं."

राजनंदिनीने ते ऐकलं. ती जिन्यावरून वर आली आणि तिने मला स्लॅबवरून उचललं. घरात कागद नव्हता, खळ नव्हती, वाळवायला वेळ नव्हता. वर्षाराणीने कपाट उघडलं. ओटीत आलेले ब्लाउजपीस तिथं घडी घालून ठेवलेले होते. त्यातले लाल तेवढे तिने ओढून काढले. मायलेकींनी ते माझ्या काड्यांवर ताणले आणि पिनांनी, दोऱ्याने, मिळेल त्याने बांधले. राजवीरने आपली बॅटरी माझ्या पोटात अडकवली. मला काठीला टांगून ती तिघं निघाली. बायडाबाई चप्पल न घालताच त्यांच्या मागे धावल्या.

हायवेवर गाड्यांचा गोंगाट होता. बसथांब्यावर तात्या मांडीवर हात ठेवून, अंग चोरून बसले होते. बाजूला अतुल उभा होता, पण हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती. राजनंदिनीने काठी उंच धरली. वाऱ्याने मी हलत होतो.

तात्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. थांबा आल्यावर उतारू उठतो तसे ते गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"आलं की घर," ते म्हणाले. आणि अतुलकडे वळून अगदी आदराने म्हणाले, "चला पावणं. आमच्यात च्या घिऊन जावा."

अतुलने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "चला."

आम्ही सगळे चालत घरी आलो. पुढे मी, माझ्यामागे तात्या, आणि तात्यांच्या पावलाला पाऊल जुळवत बाकी सगळे. घरी वर्षाराणीने खरोखरच चहा केला. पावण्यांना पहिला कप तात्यांनी स्वतः उचलून दिला. अतुलने तो दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर मी पावसाळ्यातही उतरलो नाही. पुन्हा नवा कागद चढवून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालत आणि मला टांगत. पुढची दिवाळी मी तात्यांबरोबर पाहिली. त्यानंतर मात्र त्यांचं चालणं थांबलं. ते खाटेवर पडून असत. पोरांनी मला फाटकावरून काढून त्यांच्या खिडकीत आणलं. दुसऱ्या पावसाळ्यात, पोळा होऊन गेल्यावर, एका सकाळी ते गेले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. शेजारपाजारच्यांनी फराळाचे डबे आणून दिले, तशी रीतच आहे. गडहिंग्लजहून अतुलची आत्या आक्काताई आली होती. मला खिडकीत पाहून ती म्हणाली, "अतुल, घरातलं माणूस गेल्यालं. औंदा कंदील लावू न्हाय बाबा. काढून ठेव."

रीतीला धरूनच बोलली ती. मीही मनाची तयारी केली.

अतुल उठला. त्याने मला खिडकीतून काढलं. पण माळ्याकडे न जाता तो व्हरांड्यात येऊन सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "आत्ती, ह्यो दिवाळीचा कंदील न्हवं. ह्यो तात्यांचा हाय." मग लेकीकडे वळून विचारलं, "खळ कशी करायची गं?"

राजनंदिनीने खळ केली. राजवीरने कागद धरला. अतुलने चिकटवलेली बाजू वाकडी आली, एक सुरकुती राहिली. कुणी ती काढली नाही. आक्काताईने डोळ्याला पदर लावला आणि न सांगता कात्री घेऊन ती झिरमिळ्या कापायला बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी काही विसरत असेल. तेच तेच विचारत असेल, तुम्हालाच पावणं म्हणत असेल. त्यांना "मघाशीच सांगितलं" असं म्हणू नका. पुन्हा सांगा. आणि प्रेमाने एखादी गोष्ट केलीत तर ती करून विसरू नका, अधूनमधून तिच्याकडे मान वर करून पाहा. कागद उडाला असेल तर नवा लावा. त्याला फार काही लागत नाही. मूठभर मैदा, एक ताव आणि शेजारी बसणारं कुणीतरी.