लाल चौकट

“आता तुम्ही दाबा, काकू,” म्हणत दुरुस्तीवाल्याने खुर्ची मोकळी करून दिली.

काकू बसल्या, पण पाहुण्याच्या घरी बसावं तशा, अर्ध्या खुर्चीवर. झेरॉक्सच्या दुकानाच्या मालकीणबाई म्हणून अख्ख्या गल्लीत त्यांचा दरारा. कॉम्प्युटरला मात्र त्यांनी आजवर बोट लावलं नव्हतं. मला कामाला लावायला आलास की मशीन सुधारायला, असं त्याला सुनावून त्यांनी एकदाचं बटण दाबलं.

पडद्यावर लाल चौकट उमटली.

जेमतेम अक्षरं जुळवता येणाऱ्या काकूंना तिच्यातला मजकूर कळत नव्हता, पण तो लाल रंग त्या ओळखून होत्या. मुलगा गेल्यापासून दुकान सूनच बघायची. ती कामाला बसली की चौकट यायची, उठली की नाही. समोरच्या शिंप्याने वाचून सांगितलं, कोणीतरी अनोळखी आत शिरू बघतंय म्हणून. झालं. काकूंच्या डोक्यात किडा वळवळला. ही कोणाला तरी आत घेतेय, नवऱ्यामागे दुकान घशात घालणार. सून परोपरीने सांगत राहिली, की इशारा खोटा आहे, प्रिंटरमुळे येतोय. “म्हणजे आता प्रिंटर चोर, आणि तू साव?” काकू भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या. लोक हसले. दुसऱ्या दिवशी सून नातीचं बोट धरून भावाकडे निघून गेली.

दुरुस्तीवाला समजावत होता. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला कळवणारा. तो झाला जुना, आणि राखण करणारा प्रोग्राम आला नवा. त्याला घरातलंच माणूस ओळखू येईना, म्हणून उगाच बोंब मारतो.

“छापायला दिलं की चौकट येणार, काकू. खुर्चीत कोणीही बसलेलं असो.”

“आणि छापायला तीच द्यायची,” काकू पडद्याकडे बघत म्हणाल्या.

ती कोण, हे त्याने विचारलं नाही. नवा ड्रायव्हर टाकायला पासवर्ड लागतो, एवढंच म्हणाला. तो माहीत होता एका सुनेलाच. काकूंनी फोन उचलला, खाली ठेवला, झेरॉक्सच्या काचेवर नसलेली धूळ पुसली आणि मग लावला.

सुनेने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. काकूंनी ते तसंच मोठ्याने म्हटलं, दुरुस्तीवाल्याने दाबलं.

“काम झालं की बदलून घ्या, आई,” सून म्हणाली. “परक्या माणसासमोर सांगितलाय.”

“अगं,” काकू म्हणाल्या. खुर्चीची कड त्यांनी मुठीत धरली. “आज मी दाबलं. माझ्या हातूनही आली ती चौकट.”

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. मग नातीने विचारलेलं ऐकू आलं, कोणाचा फोन आहे म्हणून.

“दुकानाचा,” सून तिला म्हणाली.

नवा ड्रायव्हर बसला, प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर सरकला. पडद्यावर काहीच आलं नाही. दुरुस्तीवाल्याने कागद काकूंपुढे धरला, तो घ्यायला त्यांचा हात काही पुढे झाला नाही. फोन पलीकडून केव्हाच बंद झाला होता. त्यांनी तो कानावरून काढला नव्हता.