वेशीच्या आतला साक्षीदार

गुरुदास वकिलाची जीभ म्हणजे पाजवलेली कोयती, असं आचऱ्यात म्हणत. बाप काजू वेचायचा, आई ओव्या गायची. बापाची चिकाटी नि आईचा गळा घेऊन पोर मालवणच्या कोर्टात उभं राहिलं. पण नाव झालं ते चंदनच्या खटल्यात.

चंदन मोठ्या यांत्रिक होड्यांचा मालक. किनाऱ्यालगतची मासळी तो उपसून नेई, आणि वाळूत उभं राहून हातांनी जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या वाट्याला नुसतं शेवाळ येई. एका सकाळी भांडण जुंपलं नि रापणकरीण आनंदीबाईचा थोरला गंगाराम वाळूत पालथा पडला. मानेवर चंदनच्या कोयत्याचा घाव. लाट पांढरी येई, लाल होऊन परते. बघितलं साऱ्यांनी, कोर्टात मात्र एकेकाची जीभ टाळूला चिकटली. चंदनच्या बाजूनं उभ्या गुरुदासनं काळा कोट सावरून शांतपणे विचारलं, "साक्षीदार कुठे आहे, साहेब?"

चंदन सुटला. त्यानं वकिलाला खांद्यावर घेतलं, आणि त्याच खांद्यावरून गुरुदास जिल्हा परिषदेत गेला. आता आमदारकीचं तिकीट हातात होतं.

त्यातच गावपळण आली. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुरंढोरं, कुत्री, कोंबड्यांसकट वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. परतीचा कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. गुरुदासला तर पर्वणीच. सगळे मतदार एका माळावर! चुलीचुलीपाशी बसून तो जेवत होता.

"वकिलानु, ह्या पोट आसा काय मतपेटी?" लक्ष्मीकाकीनं विचारलं. "भरताच नाय ता!"

"दोनय आसत, काकी. वाढा तुमी!"

हशा पिकला नि अर्ध्यावरच थांबला. आनंदीबाई समोर उभी होती. निकालापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"माजो धाकटो पुष्कर आत गेलो. रापणीचा जाळा राखूक," ती म्हणाली. "त्याच्या फाटसून चंदन गेलो, पेट्रोलचो कॅन घेवन. तो तुजाच आयकता. जा."

"पोलिसांक कळयलास?"

"कळयलंय. ते येयसर माज्या झिलाची राख जायत."

देवळाचे मानकरी हरिश्चंद्र काठी टेकत पुढे आले. "वेस ओलांडलास तर गावचा एक मत मिळूचा नाय, वकिलानु. सांगान ठेवतंय."

गुरुदासनं चंदनला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. आनंदीबाई रडली नाही. तोंडातल्या तोंडात गुणगुणत राहिली, जात्यावर त्याची आई धरायची त्याच चालीत:

*दर्यादेवा, दर्यादेवा, झील घेतलंस कोणाचो?*
*एक दिलंय तुका देवा, दुसरो माका राखूचो.*

गुरुदासनं चपला काढल्या आणि वेस ओलांडली.

भर दुपारी गाव मेल्यासारखा होता. कुत्रं भुंकेना, कोंबडा आरवेना. तुळशीपुढच्या रांगोळ्या वाऱ्यानं विस्कटलेल्या. माडांतून पेट्रोलचा वास आला नि तो धावत सुटला. आपण बोललो की चंदन थांबेल, याची त्याला खात्री होती. आजवर सगळेच थांबले होते.

मांगरात, जाळी ठेवायच्या झापाच्या खोपीत, जाळ्याच्या ढिगावर पुष्कर वल्हं उगारून उभा होता. दारात चंदन. एका हातात कोयता, दुसऱ्यात लायटर.

"चंदन, पुरे झाला. चल भायर."

चंदन वळला, हसला आणि कोर्टातल्या मराठीत म्हणाला, "साक्षीदार कुठे आहे, साहेब?" मग हळूच, "गाव रिकामो आसा, वकिलानु. तुमीच शिकयलास माका."

लायटर पडला. जाळं भपकन पेटलं. पुष्करनं उडी घेतली ती कोयत्यावरच; खांदा उघडा पडला, आतलं हाड पांढरं चमकलं. दुसरा वार मानेवर उतरत होता. गुरुदासनं हात मध्ये घातला. युक्तिवाद करताना नाचणारी उजव्या हाताची बोटं वाळूत पडली, आणि ओरडला कोण हे त्यालाच कळलं नाही. पुष्करनं डाव्या हातानं वल्हं हाणलं. चंदनचा गुडघा सुक्या फांदीसारखा मोडला नि तो दाराबाहेर वाळूत कोसळला.

धुरातून गुरुदास नि पुष्कर एकमेकांना ओढत वेशीपाशी आले, तेव्हा सगळा गाव वेशीला खेटून उभा होता. पाऊल मात्र कोणी टाकलं नव्हतं.

हरिश्चंद्रांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "गावपळणीत आत कोण नसता, वकिलानु. तुमी भायरच होतास, असा आमी सगळे सांगू. खुर्ची जावची नाय तुमची."

गुरुदासनं त्यांच्याकडे पाहिलं. मग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "मी आत होतंय. चंदनान कोयतो मारलेलो मी बघलंय. कोर्टात सांगतलंय." आनंदीबाईकडे वळून त्यानं जोडलं, "काकी, साक्षीदार हंय आसा."

आनंदीबाईनं आधी पुष्करचा खांदा बांधला. मग लुगड्याचा पदर फाडून गुरुदासचा हात घेतला. पहिली गाठ तिनं मऊ मारली, बाळाच्या झबल्याची मारावी तशी.

"ही पुष्कराची."

दुसरी तिनं दातांनी धरून आवळली. गुरुदास गुडघ्यांवर कोसळला, गुरासारखा हंबरला.

"आनी ही गंगारामाची," ती म्हणाली, आणि गाठ आणखी ओढली.