प्रमिलाची दुपार

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. बोलताना खडखड होते, तेवढी सांभाळून घ्या. वीसएक उन्हाळे झाले, दमलो आता.

पांढुर्ण्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. संत्र्यांच्या टेम्पोतून मला मोहगावला आणलं ते प्रमिलानं. सौंसरकडच्या सूतगिरणीत ती दिवसभर उभी राहून धागा तपासायची. गुडघे थकायच्या आत नोकरी सोडायची आणि पुढं कुणापुढं हात पसरायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणून पगार झाला की अर्धा आधी बँकेत जाई. घर उरलेल्या अर्ध्यात चाले.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. मग शेजारच्या भूपेंद्रकडे हप्त्यांवर एसी आला आणि प्रमिलाची आई, शकुबाई, माझ्याकडे तिरपं पाहू लागली.

"हा कूलर होय का पिठाची गिरणी? पगार वाढला न तुहा? मंग घे न नवा!"

"पगार वाढला माय, आपली भूक थोडीच वाढली!"

वाढलेला पगारही बँकेत गेला. मला नवी मोटर मिळाली, वाळ्याच्या नव्या ताट्या मिळाल्या. सुटका काही मिळाली नाही. खरं सांगतो, भंगारवाल्याची हाक आली की मला बरं वाटायचं.

यंदा होळीनंतर प्रमिलानं नोकरी सोडली. वय सत्तेचाळीस. त्याच गिरणीत सुपरवायझर असलेला भूपेंद्र दारात येऊन उभा राहिला.

"ताई, माहा पगार तुमच्या दुप्पट. तरी तुम्ही घरी, अन् मी साठीपर्यंत भोंगाच आयकू काय?"

"भाऊ, तुमच्या दहातले नऊ उडते, एक उरते. नऊ महिने राबाल तवा एक महिना बसून खाल. माह्याजवळ पाच उरते. एक महिना राबली, का एक महिना माहा."

"अन् गर्मीत शिजल्या त्याचं काय?"

"शिजली न. पण तुमाले तरी एसीत झोप येते का?"

"झोप कायची बाप्पा, बिल येते!" तो हसला आणि ड्युटीवर गेला.

मे महिन्यातली भर दुपार. इतकी वर्षं या वेळी ती गिरणीत असायची. माझी दुपारची हवा तिला कधी निवांत लागलीच नव्हती. त्या दिवशी ती माझ्यासमोर फरशीवर आडवी झाली, केस मोकळे सोडले आणि लगेच घोरू लागली.

"सरक वं जराशी," शकुबाई पुटपुटली. मग स्वतःच भिंतीकडे सरकली.

मित्रांनो, चालती वस्तू टाकण्याआधी तिला एकदा तेलपाणी करून पाहा. तिच्यामुळे वाचलेल्या पैशात कुणाची तरी दुपार असते. आणि पावसाळा लागला की आमची टाकी तेवढी कोरडी पुसून ठेवत जा. उन्हापेक्षा साचलेलं पाणीच आम्हाला जास्त खातं.