ही नव्हे

अंधार पडल्यावर तान्ह्या मुलाला घराबाहेर न्यायचं असेल, तर त्याच्या कपाळाला चुलीची काजळी लावतात. कोणी विचारलंच, तर सांगायचं, मूल नाही, ससा आहे.

*

पाठीतलं औषध पिवळं. शिरेतलं पाण्यासारखं.

*

हिवाळ्यात उलानबातरवर कोळशाचा धूर असा बसतो, की समोरून येणारं माणूस आधी खोकल्यावरून ओळखावं लागतं.

*

सदाफुली मी कधी पाहिलेली नाही. इथल्या थंडीत ती जगणार नाही. तिच्यापासून केलेलं औषध फ्रिजमध्ये, उजेड लागणार नाही असं ठेवतात. पिशवीवर लिहिलेलं असतं : फक्त शिरेतून. दुसरीकडे दिल्यास मृत्यू.

*

"नाव?"

"एनेबिश."

एनेबिश म्हणजे 'ही नव्हे'. 'हा नव्हे' आणि 'हे नव्हे' यांनाही आमच्या मंगोल भाषेत हाच शब्द.

*

एनेबिश अकरा वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर, मुलांना होतो तो. बरीच मुलं यातून उठतात, पण प्रत्येक औषध जिथे जायचं तिथेच जायला हवं. सदाफुलीचं शिरेत. पिवळं पाठीच्या कण्यात, कारण हा आजार तिथल्या पाण्यात लपून बसतो. यांची अदलाबदल झाली आणि सदाफुलीचं पाठीत गेलं, तर पुढे कोणाच्याही हातात काही उरत नाही.

म्हणून आम्ही नर्स प्रत्येक वेळी नाव विचारतो. पेशंटने ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग लेबल वाचायचं, मोठ्याने.

"परत विचारलंस?" तिची हांदाआजी म्हणायची. "मागच्या खेपेला सांगितलं होतं ना तुला? डोकं आहे की रिकामं पातेलं?"

"नियम आहे, आजी."

"नियम! अगं दुलमा, कोणी दारात येऊन विचारलं, 'हीच का?', तर पोरीला 'ही नव्हे' म्हणता यावं, म्हणून ठेवलंय ते नाव. आणि तू काय करतेस? हातात पिशवी, पिशवीवर मृत्यू लिहिलेला, आणि विचारतेस, तू कोण?"

मी हसले. पण त्यानंतर पिशवी नेताना अक्षरं आतल्या बाजूला ठेवायला लागले.

*

डॉक्टर तेमूलेन नवा होता. मुलांना हसवायची त्याला हौस.

"नाव विचारलं की तू म्हणतेस, ही नव्हे. मग सुई टोचू कोणाला? आजीला?"

"टोच की," आजी म्हणाली. "माझ्या पाठीत सुईच वाकेल तुझी. मी काही तुमच्या शहरातल्या दुधावर वाढलेली नाही."

एनेबिश हसली. तिचे केस गेले होते, भुवयाही. हसली की तेवढा वेळ चेहरा कुणाचातरी वाटायचा. एरवी तो कोणाचाही असू शकला असता.

*

त्या दिवशी पिशव्या संपल्या होत्या.

सदाफुलीचं औषध आम्ही पिशवीतच देतो, कारण पाठीतल्या सुईला पिशवी जोडायचं कोणाला सुचत नाही. शिवाय पाठीचं काम चालू असताना ते त्या खोलीत आणायचंच नाही. त्या दिवशी ते सिरिंजमध्ये भरलं गेलं. आणि कोणीतरी दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये वर पाठवल्या.

हे मला नंतर कळलं. ट्रे तेमूलेनच्या बाजूला होता. मी दुसऱ्या बाजूला, एनेबिशचे गुडघे पोटाशी दुमडून तिची मान धरून उभी. तिचं तोंड माझ्याकडे. माझ्या पाठीमागे दार. आजी बाहेर.

सुई बसली. कण्यातलं पाणी थेंब थेंब नळीत पडत होतं.

"आता हलू नकोस हं, राणी. औषध देतो."

"एनेबिश," ती म्हणाली.

"हो गं बाई, माहीत आहे. लेबलवर तेच आहे."

"एनेबिश."

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. आवाजात भीती नव्हती. चुकीच्या दारात आलेल्या माणसाला सांगावं, तसं सांगत होती.

माझ्या मानेवर गार वारा आला.

ती नाव सांगत होती, की 'हे नव्हे' म्हणत होती? शब्द एकच. मला ठरवता येईना. हात मात्र सवयीचे. नाव ऐकलं की लेबल.

"डॉक्टर, लेबल वाचा."

"वाचलं की. नाव बरोबर आहे."

"नावाखालचं वाचा."

"दुलमाताई, सुई आत आहे."

"अंगठा काढा आणि वाचा!"

त्याने अंगठा बाजूला केला. वाचलं नाही. त्याच्या हातातलं औषध पाण्यासारखं होतं.

मग सिरिंज खाली ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावी तशी. मी आधी ती खोलीबाहेर पाठवली. दुसरी नर्स बोलावली. तिघांनी पिवळ्या सिरिंजवरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं. मग ते औषध गेलं, जिथे जायचं तिथे.

*

एनेबिशला उताणं झोपवलं. तेमूलेन बाहेर जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

"शहाणी गं तू," मी म्हटलं. "कसं कळलं तुला? तुला तर दिसत नव्हतं."

"काय कळलं?"

"हे नव्हे, म्हणालीस ना?"

"मी नाव सांगितलं," ती म्हणाली. "त्या ताईंनी विचारलं म्हणून."

"कुठल्या ताईंनी?"

"तुमच्या मागे होत्या त्या. तुमच्यासारखाच कोट. त्यांनी विचारलं, उदवाल हीच का? मी म्हटलं, एनेबिश. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. मग गेल्या."

दाराची कडी मी स्वतः आतून लावली होती. सिरिंज बाहेर पाठवताना ती काढलीही मीच.

वॉर्डात या नावाचं कोणी नव्हतं. पेशंटांमध्ये नाही, आमच्यात नाही. मी बाहेर आले. आजी बाकावर बसून थर्मासमधला दूध-मिठाचा चहा पीत होती.

"आजी, उदवाल कोण?"

तिने चहा खाली ठेवला. उठली. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं आणि माझ्या तोंडावर हात दाबून धरला. हाताला दुधाचा आणि मिठाचा वास होता.

"इथे नको," ती म्हणाली. "ती अजून जिन्यातच असेल."

*

दोन वर्षांची होईपर्यंत एनेबिशचं नाव उदवाल होतं.